मलेरिया बरा होतो, मग देशातून जात का नाही?

प्रश्न असा आहे: "मलेरियावर औषध आहे, पंधरा-वीस मिनिटांत निदान होतं, मच्छरदाण्या आहेत, आता पुण्यात बनलेली लसही आहे. श्रीलंकेने आणि चीनने मलेरिया संपवून दाखवला. मग काँगो, नायजेरियासारख्या देशांना का जमत नाही? प्रश्न फक्त पैशांचा आहे का?"

पैशांचा आहेच, पण पैसे मिळाले की ज्या वस्तू विकत घेता येतात त्यांच्या टंचाईचा तो फारसा नाही. गोळ्या, तपासणीचं किट, मच्छरदाण्या विमानाने पाठवता येतात. शेवटच्या गावात बाराही महिने कामावर असणारा, वेळेवर पगार मिळणारा माणूस असा पाठवता येत नाही. त्याच्या हातातलं किट संपायच्या आत दुसरं पोचवणारी व्यवस्था, त्याचा अहवाल वाचून त्याच आठवड्यात हालचाल करणारा वरचा अधिकारी, हेही नाही. मलेरिया नियंत्रणात आणायला मोहिमा पुरतात. संपवायला ही यंत्रणा लागते, आणि रुग्ण कमी होत गेले तरी ती ढिली पडून चालत नाही. उलट रुग्ण जितके कमी, तितकी ती जास्त काटेकोर लागते. जिथे साधं बाळंतपण सुखरूप पार पाडायची सोय नाही, तिथे एवढ्या एका आजारासाठी ती उभी करणं का अवघड आहे, ते सविस्तर सांगतो. हिवताप कार्यक्रमात माझी बरीच वर्षं गडचिरोलीत गेली, त्यामुळे अधूनमधून तिकडे वळेन.

आधी आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात २६ कोटी ३० लाख लोकांना मलेरिया झाला आणि ५ लाख ९७ हजार माणसं गेली. त्यातले सुमारे ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेत, आणि तिथे गेलेल्यांपैकी तीन चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं. एकटा नायजेरिया जवळपास ३१ टक्के आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताक ११ टक्के. म्हणजे जगात मलेरियाने दगावणाऱ्या दर दहा जणांपैकी चार जण या दोन देशांतले. त्यामुळे "मलेरिया संपवायचा" म्हणजे शेवटी या दोन देशांतून संपवायचा. केप व्हर्दे बेटांना जानेवारी २०२४ मध्ये मलेरियामुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, ऑक्टोबरमध्ये इजिप्तला, पुढच्या वर्षी सुरिनामला आणि तिमोर-लेस्तेला. या सगळ्यांचं कौतुकच आहे, पण त्याने जगाचा आकडा फारसा हलत नाही.

काँगोचा अंदाज यावा म्हणून सांगतो. क्षेत्रफळाने हा देश महाराष्ट्राच्या साडेसात पट, लोकसंख्या मात्र साधारण महाराष्ट्राएवढीच. त्यात डांबरी रस्ते इतके थोडे की प्रांताच्या राजधानीतून गावात माल न्यायचा तर बोट, मोटारसायकल आणि शेवटी डोकं, एवढीच साधनं.

२०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये याच देशातल्या एका "गूढ आजारा"च्या बातम्या आपल्याकडेही झळकल्या होत्या. ठिकाण क्वांगो प्रांतातलं पांझी. ताप, खोकला, डोकेदुखी, अंगदुखी, आणि मरणारी बहुतेक लहान मुलं. डिसेंबरच्या सुरुवातीला नोंद होती ४०६ रुग्णांची आणि ३१ मृत्यूंची. जगभर धास्ती पसरली, नवा विषाणू की काय म्हणून. पांझी किन्शासापासून सुमारे ७०० किलोमीटर, पावसाळा सुरू, तिथे पोचायला पथकाला दोन दिवस लागले. तिथे चालू स्थितीतली प्रयोगशाळा नव्हती, नमुने ५०० किलोमीटरवरच्या किक्वीतला धाडावे लागले. पहिल्या बारा नमुन्यांपैकी दहांत मलेरिया निघाला. अखेर निष्कर्ष असा की, नेहमीचे श्वसनमार्गाचे संसर्ग, त्यावर मलेरिया, आणि या सगळ्याखाली कुपोषण.

म्हणजे नवा आजार कुठलाच नव्हता. मुलं नेहमीच्याच आजारांनी मरत होती आणि ते कळायला काही आठवडे गेले. निर्मूलनाच्या गप्पा मारताना मी नेहमी हे पांझी समोर ठेवतो. निर्मूलनाची पहिली अटच ही की मलेरियाचा प्रत्येक, अगदी प्रत्येक रुग्ण सापडला पाहिजे. सलग तीन वर्षं देशात स्थानिक संसर्गाचा एकही रुग्ण झाला नाही हे सिद्ध करावं लागतं, तेव्हा प्रमाणपत्र मिळतं. आणि इथे तर तीस मृत्यू कशाने झाले हे सांगायलाच बाहेरून पथक धाडावं लागलं.

चीनने काय केलं ते बघा. १९४०च्या दशकात चीनमध्ये वर्षाला तीन कोटी रुग्ण असत. शेवटच्या टप्प्यात त्यांनी एक-तीन-सात असा दंडक घातला. रुग्ण सापडला की एका दिवसात नोंद, तीन दिवसांत त्याला लागण कुठे झाली याचा तपास, सात दिवसांत त्या वस्तीत फवारणी, तपासण्या, जे काय लागेल ते. २०२१ च्या जूनमध्ये त्यांना प्रमाणपत्र मिळालं. ऐकायला सोपं आहे. पण एक दिवसात नोंद व्हायची तर दवाखाना गावाजवळ हवा, दवाखान्यात तपासणी हवी, तपासणाऱ्याला ती नोंद करण्यात स्वारस्य हवं, आणि खाजगी डॉक्टरही त्याच जाळ्यात हवा. नायजेरियात ताप आला की बहुतेक लोक आधी औषधांच्या टपरीवजा दुकानात जातात. दुकानदार न तपासताच गोळ्या देतो, तीन दिवसांचा डोस पूर्ण घ्यायला पैसे नसतील तर अर्धाही देतो. त्या रुग्णाची नोंद ना एका दिवसात होते, ना एका वर्षात.

ताप आल्यापासून बरं होईपर्यंतची साखळी एकदा नीट बघू, म्हणजे ती कुठे कुठे तुटते ते कळेल.

भामरागडच्या एखाद्या पाड्यावर पोराला थंडी वाजून ताप भरला. पहिल्या दिवशी पुजाऱ्याकडे नेतात, त्यात काही गैर नाही, तो घरापासून हाकेच्या अंतरावर असतो आणि रात्रीही भेटतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आशाताईकडे. ती बोट टोचते, रक्ताचा एक थेंब किटच्या खाचेत, वर द्रावणाचे थेंब, आणि मग पंधरा-वीस मिनिटं वाट. एक रेघ आली तर मलेरिया नाही, दोन-तीन आल्या तर कोणती रेघ उमटली त्यावरून मलेरियाचा प्रकार कळतो, फाल्सिपेरम की व्हायव्हॅक्स. किट उन्हात, पत्र्याच्या घरात महिनाभर राहिलं असेल तर रेघ दिसेलच याचा भरवसा नाही. फाल्सिपेरम असेल तर वयाप्रमाणे रंगीत पाकिटातल्या गोळ्या तीन दिवस, शिवाय प्रायमाक्विनचा एक डोस. व्हायव्हॅक्स असेल तर क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन सलग चौदा दिवस, कारण त्याचे जंतू यकृतात दडून बसतात आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतात. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो. उरलेल्या अकरा दिवसांच्या गोळ्या, ठणठणीत झालेल्या आणि मोहफुलं वेचायला निघालेल्या माणसाच्या पोटात गेल्या की नाहीत, हे पाहायला पुन्हा आशाताईच हवी. पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं की भामरागडचा संपर्क तुटतो, त्यामुळे तिथे गोळ्या आणि किट मे महिन्यातच जाऊन पडावी लागतात. ऑगस्टची मागणी ऑगस्टमध्ये करून भागत नाही.

यातली प्रत्येक पायरी महाराष्ट्रासारख्या तुलनेने सधन राज्यातही निसटते. आता हीच साखळी काँगोत मांडून बघा. गावातला आरोग्यदूत बिनपगारी. आरोग्य केंद्रातली परिचारिका कित्येकदा सरकारच्या पगारपत्रकावर नाहीच, किंवा असली तरी महिनोन्‌महिने पगार नाही, रुग्णांकडून घेतलेल्या फीवर तिचं घर चालतं. आता कार्यक्रम म्हणतो, मलेरियाची तपासणी आणि औषध मोफत द्या. तत्त्व बरोबरच आहे. पण ज्या बाईचं उत्पन्नच फीमधून येतं तिच्यासाठी प्रत्येक मोफत रुग्ण म्हणजे तोटा. मग तपासणी फुकट, पण वहीचे पैसे, सुईचे पैसे, ग्लुकोजचे पैसे. तिला दोष देणं सोपं आहे. पगार देणं अवघड.

किटचा पुरवठा गेल्या वर्षीच्या नोंदींवरून ठरतो. ज्या केंद्राचे अहवाल आलेच नाहीत त्याला कमी किट. किट कमी म्हणून तपासण्या कमी, तपासण्या कमी म्हणून नोंदी कमी, आणि पुढच्या वर्षी आणखी कमी किट. कागदावर तिथला मलेरिया उतरतोय असंच दिसतं! त्यात प्रत्येक देणगीदाराची वही वेगळी. मलेरियाची एक, क्षयाची दुसरी, लसीकरणाची तिसरी, बाळंतपणाची चौथी. जिथे एकच शिकलेलं माणूस आहे तिथे त्याचा निम्मा दिवस वह्या भरण्यात जातो.

साखळीची एक कडी सुधारली आणि बाकीच्या तशाच राहिल्या तर काय होतं, याचं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. मलेरियावरच्या आर्टेसुनेट या औषधाची गुदमार्गे देण्याची कॅप्सूल असते. मूल गंभीर आहे, तोंडाने औषध घेत नाही, दवाखाना लांब आहे, अशा वेळी गावातच ती द्यायची आणि लगेच दवाखान्यात पाठवायचं. चाचण्यांमध्ये, जिथे दवाखाना खूप दूर होता, तिथे हिने मुलांचे जीव वाचवले होते. मग २०१८ ते २०२० या काळात काँगो, नायजेरिया आणि युगांडात ती प्रत्यक्ष व्यवस्थेतून हजारो मुलांना दिली गेली आणि निकालांवर बारीक लक्ष ठेवलं गेलं. मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. कॅप्सूल खोटी नव्हती. कॅप्सूलनंतर पुष्कळ मुलं दवाखान्यापर्यंत गेलीच नाहीत. जी गेली त्यांना इंजेक्शनं मिळाली, पण त्यानंतरच्या तीन दिवसांच्या पूर्ण गोळ्या अनेकांना मिळाल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेलाही २०२२ साली सावध सूचना काढावी लागली की, पुढची उपचारव्यवस्था ठीक असल्याशिवाय नुसती कॅप्सूल पसरवू नका.

आता डास. इथे आफ्रिकेवर निसर्गानेच अन्याय केला आहे, आणि श्रीलंकेशी तुलना करताना हे सोयीस्करपणे विसरलं जातं. आपल्याकडचा आणि श्रीलंकेचा मुख्य वाहक अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसिस, त्याला गुरांचं रक्त जास्त आवडतं, माणसाचं नाइलाज म्हणून. आफ्रिकेतला अ‍ॅनोफिलिस गॅम्बिये मात्र जवळपास माणसावरच जगतो, घरात शिरून रात्री चावतो आणि जास्त दिवस जगतो. म्हणून तिथे एका माणसाला वर्षभरात जंतू असलेले शेकडो दंश होऊ शकतात. नायजेरियाच्या गार्की भागात १९७० च्या दशकात मलेरियाचं संक्रमण थांबवून बघायचा प्रयोग झाला. घरोघरी फवारणी, सोबत सगळ्या गावाला औषध, तेही पैसा, तज्ज्ञ आणि गाड्या हाताशी असताना. मलेरिया खूप उतरला, पण संक्रमण थांबलं नाही. काम थांबलं तसा तो पुन्हा पूर्ववत झाला. त्यामुळे "श्रीलंकेला जमलं, तुम्हाला का नाही" हे आफ्रिकेतल्या डॉक्टरला सुनावण्याआधी दोन्हीकडचा डास बघावा.

तरीही श्रीलंकेकडून शिकण्यासारखं बरंच आहे, आणि त्यात तिच्या फजितीकडून जास्त. १९६३ साली साऱ्या श्रीलंकेत मलेरियाचे फक्त १७ रुग्ण सापडले होते. संपलंच आता, अशी सगळ्यांची समजूत झाली. फवारणी थांबली, देखरेखीचे पैसे आटले. १९६८-६९ मध्ये पाच लाखांवर रुग्ण. भारताचीही तीच गत. १९५३ साली कार्यक्रम सुरू झाला तेव्हा वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९६५ पर्यंत आकडा एक लाखावर आला. १९७६ मध्ये तो परत ६४ लाखांच्या पुढे. व्हेनेझुएलाने १९६१ मध्ये देशाच्या मोठ्या भागातून मलेरिया हटवल्याबद्दल शाबासकी मिळवली होती, आणि २०१७ मध्ये, आरोग्यव्यवस्था कोसळल्यावर, तिथे चार लाखांवर रुग्ण झाले. इथिओपियातही चांगली उतरलेली आकडेवारी युद्ध, विस्थापन आणि हवामानाच्या माऱ्यात पुन्हा उसळली. २०२४ च्या पहिल्या दहा महिन्यांतच ७३ लाख रुग्णांची नोंद झाली.

परतलेला मलेरिया आधीपेक्षा घातक असतो, हे सामान्य वाचकाला फारसं माहीत नसतं. जिथे मलेरिया सतत असतो तिथे मोठ्या माणसांना थोडीफार प्रतिकारशक्ती आलेली असते, जंतू अंगात असूनही ते हिंडते-फिरते असतात. दहा-वीस वर्षं मलेरिया नाहीसा झाला की ही ढाल जाते. मग साथ आली की फक्त मुलं नाही, धडधाकट माणसंही जातात. मादागास्करच्या डोंगराळ भागात १९८० च्या दशकात हेच झालं. त्यामुळे टिकवता येणार नसेल अशी घाईगर्दीची मोहीम काढणं हे निरुपद्रवी अपयश नसतं. तिची किंमत पुढची पिढी मोजते.

मग श्रीलंकेला दुसऱ्यांदा का जमलं? विशेष म्हणजे त्यातलं बरंचसं काम यादवी युद्ध चालू असतानाच झालं. मोफत सरकारी दवाखाना बहुतेकांच्या आवाक्यात, साक्षर समाज, मलेरियासाठी १९११ पासून चालत आलेली स्वतंत्र यंत्रणा, प्रत्येक विभागाला जबाबदार अधिकारी. युद्धग्रस्त उत्तरेतही दोन्ही बाजूंनी या कामाला फारसा अडथळा केला नाही. शेवटचा स्थानिक रुग्ण ऑक्टोबर २०१२ मध्ये, प्रमाणपत्र सप्टेंबर २०१६ मध्ये. त्यानंतरही ते झोपले नाहीत. आफ्रिकेत शांतिसेनेत जाऊन आलेले सैनिक, रत्नांच्या व्यापारासाठी मादागास्करला जाऊन आलेले लोक यांच्यावर लक्ष ठेवणं सुरूच राहिलं. एकही रुग्ण नसलेल्या आजाराच्या खात्यावर अर्थमंत्र्याकडून दरवर्षी पैसे काढून घेणं, हे माझ्या मते त्या साऱ्या कामातलं सगळ्यात कठीण काम.

प्रमाणपत्रानंतर थोड्याच काळात श्रीलंकेच्या मन्नार भागात अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी सापडला. हा आपल्या ओळखीचा डास, मुंबईच्या मलेरियाचा वाहक. बाकीचे मलेरियाचे डास शेतं, ओढे, डबकी शोधतात. याला गच्चीवरची उघडी टाकी, विहीर, बांधकामावरचं साठलेलं पाणी चालतं. १९११ साली ब्रिटिश डॉक्टर बेंटले यांनी मुंबईच्या मलेरियावर अहवाल दिला तेव्हा बोट याच्याकडेच, शहरातल्या विहिरींकडे होतं. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे लोक आजही इमारतीच्या टाकीला घट्ट झाकण आणि वर चढायला शिडी आहे का हे बघत हिंडतात. सोसायटीच्या सेक्रेटरींना तो छळ वाटतो, पण तो अगदी योग्य छळ आहे.

हाच डास २०१२ मध्ये जिबूतीत सापडला. त्या वर्षी त्या छोट्या देशात मलेरियाचे २७ रुग्ण होते, निर्मूलन हातातोंडाशी आलं होतं. २०२० मध्ये ७३ हजारांवर रुग्ण. तिथून तो इथिओपिया, सुदान, सोमालिया, केनिया, नायजेरियापर्यंत आढळला आहे. आफ्रिकेतली सगळी मलेरियाविरोधी आखणी खेड्यांसाठी आहे, रात्री घरात चावणाऱ्या डासासाठी आहे. नळाला पाणी येत नाही म्हणून पिंपं भरून ठेवणाऱ्या शहरांत मच्छरदाणी वाटून या डासाला कसं रोखणार? तिथे पाणीपुरवठा खातं, पालिका, बांधकाम परवाने असं सगळं एकत्र यावं लागतं. मुंबईकडे शंभर वर्षांचा अनुभव आहे, आणि मुंबईतूनही मलेरिया गेलेला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

जंतूही स्वस्थ बसलेला नाही. आर्टेमिसिनिनला, म्हणजे आजच्या मलेरियाच्या गोळ्यांतल्या मुख्य औषधाला, अंशतः दाद न देणारे जंतू रवांडा, युगांडा, टांझानिया, इरिट्रियात पक्के सापडले आहेत. शिवाय किट ज्या प्रथिनावरून फाल्सिपेरम ओळखतं ते प्रथिनच न बनवणारे जंतू आफ्रिकेच्या ईशान्य टोकाला, शिंगासारख्या दिसणाऱ्या भागात पसरले. म्हणजे मलेरिया असूनही किट म्हणणार, नाही. इरिट्रियाला २०१६ साली किटचा प्रकारच बदलावा लागला. पण मुळात हे लक्षात यायला काचपट्टी नीट रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली वाचणारा तंत्रज्ञ हवा. किट आल्यापासून काचपट्टीचं कसब सगळीकडेच मोडकळीला आलंय, आपल्याकडेही. किट आशाताईसाठी उत्तम आहे, पण त्याच्या नादाने तंत्रज्ञांच्या जागा रिकाम्या ठेवणं महागात पडतं.

लसीबद्दल विचारणा आहे म्हणून सांगतो. दोन लसी आहेत. पहिलीच्या पथदर्शी वापरात घाना, केनिया आणि मालावीमध्ये, लस देण्याच्या वयाच्या मुलांचे एकूण मृत्यू सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाले. ही मोठी गोष्ट आहे. दुसरी, आर-ट्वेंटीवन, ऑक्सफर्डने विकसित केलेली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी. तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळाली आणि २०२४ मध्ये ती आफ्रिकेत पोचायला लागली. पुणेकरांनी अभिमान बाळगायला हरकत नाही. पण या लसी गोवराच्या लसीसारख्या संसर्गाची साखळी तोडणाऱ्या नाहीत. त्या लहान मुलाला आजारापासून, मुख्यतः गंभीर आजारापासून वाचवतात, आणि तोही परिणाम काळाबरोबर उतरतो. डोस चार. शेवटचा साधारण दुसऱ्या वर्षी, जेव्हा आई बाळाला घेऊन लसीकरणाला यायची बंद झालेली असते. म्हणजे पुन्हा तेच. आठवण करून देणारं, यादी ठेवणारं, घरी जाणारं माणूस हवं. आणि गावातली मोठी माणसं, ज्यांच्या अंगात लक्षणांशिवाय जंतू असतात, त्यांना ही लस नाहीच.

या लक्षणं नसलेल्या लोकांचं काय करायचं, यावर ओडिशाने चांगलं काम केलं. २०१७ पासून दुर्गम, जंगलातल्या गावांत पावसाळ्याआधी आणि नंतर शिबिरं घेऊन सगळ्यांची तपासणी, ताप असो वा नसो. ज्यांच्यात जंतू सापडले त्यांना औषध, सोबत मच्छरदाण्या. २०१६ मध्ये राज्यात चार लाख चाळीस हजारांवर रुग्ण होते, २०१९ मध्ये चाळीस हजारांच्या आसपास. भारताच्या एकूण आकड्यात जी घट दिसते तिच्यात ओडिशाचा वाटा मोठा. पुढे कोविडनंतर तिथलेही आकडे परत वर सरकले. गडचिरोलीतही काही गावांत अशी शिबिरं घेतली की, "मला काहीच होत नाही, मग रक्त कशाला?" हा पहिला प्रश्न. दुसरा फवारणीचा. नुकतंच सारवलेलं, सणासाठी सजवलेलं घर, त्यावर पांढरे डाग आणि आठवडाभर वास. घराच्या मालकिणीने दारातून परत पाठवलं तर मला तिचा राग येत नाही. पथकाने आदल्या दिवशी येऊन सांगितलं, सामान बाहेर काढायला हात लावला, तर तीच बाई आत घेते. त्याला दोन माणसं आणि एक दिवस जास्त लागतो, आणि अंदाजपत्रकात नेमका तोच कापला जातो.

पैशांचं सांगायचं तर २०२३ मध्ये जगाने मलेरियावर सुमारे ४ अब्ज डॉलर खर्च केले, गरज होती ८.३ अब्जांची. त्यातला मोठा भाग बाहेरून येतो, आणि तेव्हा सर्वांत मोठा दाता अमेरिका होता. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी थांबवली तेव्हा कित्येक देशांत फवारणीची कामं, गोदामातून केंद्रापर्यंतची वाहतूक, देखरेखीचे लोक अडकून पडले. यावर "आफ्रिकन सरकारांनी स्वतः खर्च करावा" हे म्हणणं चूक नाही. २००१ साली अबुजात जमून आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनीच ठरवलं होतं की अंदाजपत्रकाचा १५ टक्के हिस्सा आरोग्याला देऊ. खुद्द यजमान नायजेरियालाही ते जमलेलं नाही.

मग माझं मत काय? काँगोसारख्या देशाने निर्मूलनाची तारीख जाहीर करू नये. तारीख जाहीर झाली की वरून आकडे कमी दाखवायचा दबाव येतो, आणि तो शेवटी किट हातात धरलेल्या माणसापर्यंत पोचतो. त्यांचं पहिलं लक्ष्य मृत्यू असावेत. मुलाला ताप आला की चोवीस तासांत तपासणी आणि पूर्ण डोस, एवढं जमलं तरी मृत्यू झपाट्याने उतरतात. दुसरं, गावातल्या आरोग्यदूताला मानधन नव्हे, पगार. आणि त्याच्याकडे फक्त मलेरियाची थैली न देता न्यूमोनिया, जुलाब आणि कुपोषण ओळखण्याचंही साधन द्यावं. किट निगेटिव्ह आलं आणि देण्यासारखं दुसरं काहीच हातात नसलं, तर तो मलेरियाच्याच गोळ्या देणार. पांझीत या सगळ्यांची गाठ एकाच मुलाच्या अंगात पडली होती. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचे देश, बोत्सवाना, एस्वातिनी, दक्षिण आफ्रिका, यांनी मात्र तारीख ठेवावी. त्यांच्याकडे डास कमी, व्यवस्था बरी. त्यांची अडचण सीमेची आहे. दक्षिण आफ्रिकेचा मलेरिया मुख्यतः मोझांबिककडच्या पट्ट्यात राहतो. १९९९ पासून तिथे तीन देशांनी मिळून फवारणी केली तेव्हा तिघांचाही उतरला. २०११ मध्ये तो कार्यक्रम बंद झाला आणि पुढे दक्षिण मोझांबिकमध्ये तो पुन्हा वाढला. आपल्या गडचिरोलीची सीमा छत्तीसगडला लागून आहे, डासाला आणि बाजाराला जाणाऱ्या माणसाला ती दिसत नाही. एका बाजूला फवारणी जूनमध्ये आणि दुसऱ्या बाजूला ऑगस्टमध्ये, असं चालत नाही.

एखाद्या देशात प्रगती होते आहे की नाही हे कसं ओळखायचं, असं कोणी विचारलं तर मी रुग्णसंख्या शेवटी बघतो, कारण तपासण्या वाढल्या की ती चढते आणि किट संपले की ती उतरते. मी आधी हे विचारतो की, गेल्या बारा महिन्यांत किती केंद्रांवर किट आणि लहान मुलांच्या गोळ्या एकही दिवस संपल्या नाहीत, आणि किती आरोग्यदूतांना त्या प्रत्येक महिन्याचा पगार त्याच महिन्यात मिळाला.